हुरडा इथून किती लांब आहे?

पत्र

बाई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, बारावी सायन्सला आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी एक कथा लिहिते आहे. तारा नावाच्या मुलीचा जन्म अंतराळस्थानकात झाला. ती सोळा वर्षांची झाली, पण पृथ्वीवर एकदाही आलेली नाही आणि तिला खाली यायचंय. मराठीच्या सरांना कथा दाखवली. ते म्हणाले, ‘सुटलेल्या गावाची ओढ लागते, न पाहिलेल्या गावाची कशी लागेल? सगळं कृत्रिम वाटतं.’ मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक. घरी आम्ही तेलुगू बोलतो. माझी अव्वा, म्हणजे आजी, लग्न होऊन तेलंगणातून इथं आली. जन्मभर विड्या वळल्या, पण बोलायची ती तिकडच्या गावाबद्दल. मी तिथं कधीच गेले नाही. तुळजापूर, पंढरपूर आणि एकदा पुणे, एवढंच माझं फिरणं. दिवाळीनंतर अव्वा गेली. तेव्हापासून मला त्या गावाची आठवण येते. सरांच्या हिशेबानं हेही खोटंच ना? बाबा म्हणतात, सीईटी झाली की तुला घेऊन जातो. जावंसं वाटतं आणि भीतीही वाटते. तिथं तिनं सांगितलेलं काहीच नसलं तर? आई म्हणते, परीक्षा तोंडावर आली, हे नाद सोड. कथेची पानं सोबत जोडली आहेत.

— एक वाचक, सोलापूर

उत्तर

आधी सरांचं. ते चुकले आहेत. पण तुझी चार पानं वाचल्यावर ते असं का म्हणाले, हेही मला कळलं. चार पानांत तारा सात वेळा खिडकीशी जाते, सातही वेळा ‘त्या निळ्या गोळ्याकडे’ बघते आणि उसासा टाकते. अगं, जन्मापासून ज्या खिडकीतून तेच दिसतंय, तिथं कोण उसासे टाकत बसेल? भुईकोट किल्ल्यासमोर ज्याचं दुकान आहे तो दिवसातून सात वेळा बुरुजाकडे बघून गहिवरतो का? त्याला बुरूज दिसतसुद्धा नाही.

जरा हिशेब करू. आज वर फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. सोलापूरहून मुंबई रस्त्यानं जेवढी, जवळजवळ तेवढंच, फक्त उभं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये एक झोप काढण्याइतकं अंतर. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त, म्हणजे सोलापूरवरून निघालं की अर्ध्या मिनिटात पुणं मागे पडतं. दीड तासात पृथ्वीला एक फेरी, चोवीस तासांत सोळा सूर्योदय, सोळा सूर्यास्त. सोळा वर्षांत ताराचे ९३ हजारांवर सूर्योदय बघून झालेत. (मी कागदावर गुणाकार केला. शिकवणं सुटलं तरी सवय सुटत नाही.) तिला तू सूर्योदयाचं कौतुक सांगणार?

आणि ‘गुरुत्वाकर्षण नसलेल्या त्या पोकळीत’ असं दुसऱ्या पानावर लिहिलंयस, ते आजच खोडून टाक. बारावी सायन्सची ना तू? त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के शिल्लक असते. तिथली माणसं तरंगतात, कारण ती स्थानकासकट सतत पडत असतात. पुढे जाण्याचा वेग इतका, की पडता पडता खालची जमीनच वळून दूर होते. त्यामुळे पडणं चालूच राहतं आणि पोचणं काही होत नाही. ‘ओढ’ या शब्दाचे दोन्ही अर्थ इथं छान जुळतात, तुझ्या डोक्यात आलंच असेल. कथेत ते वाक्य घालू नकोस. सरांना आवडेल, म्हणून तर मुळीच नको.

मग न पाहिलेल्याची ओढ लागते कशानं? माझ्या नातीचं सांगते.

लेकीची लेक, कॅनडात जन्मली, तिथंच वाढते. आमच्याकडे रविवारची सकाळ झाली की तिच्या शनिवारच्या रात्री, फोनच्या पडद्यावर, तिचं सोलापूर उघडतं. सहा वर्षांची असताना तिनं एकदा विचारलं, ‘आजी, हुरडा तुझ्या घरापासून किती लांब आहे?’ मला आधी कळेना. मग लक्षात आलं. आम्ही दर हिवाळ्यात फोनवर म्हणणार, ‘हुरड्याला चाललोय’, ‘हुरड्याला मामापण आला होता’, ‘हुरड्याला या वेळी फार गर्दी’. तुळजापूरला जातात, अक्कलकोटला जातात, तसं हुरड्याला जातात. पोरीनं विभक्ती अगदी बरोबर लावली होती. हुरडा हे गावच असणार.

मी हसू दाबून विचारलं, कसं आहे गं ते गाव? तिनं धडाधड सांगितलं. मोठं फाटक आहे. आत गेलं की धूर असतो. सगळे जमिनीवर बसतात. तिथं चटणी पिकते. आणि तिथं गेल्यावर आजोबा कुणावर ओरडत नाहीत. हे शेवटचं मात्र खरं होतं. फोनच्या मागच्या आवाजांवरून तिनं ते टिपलं असणार.

असं गाव कुठल्या नकाशात नाही आणि तिला तिथं जायचं होतं. तिकडे बर्फ पडायला लागला की हट्ट करून, रडून जायचं होतं. हे तुझ्या सरांना जरूर सांग.

सुटलेल्या गावाच्या ओढीत आठवणी असतात. न पाहिलेल्या गावाच्या ओढीत दुसऱ्याचे शब्द असतात आणि मधल्या रिकाम्या जागी आपण भरलेलं काहीबाही. आपल्याजवळ जे असेल तेच भरतो आपण. तुझी तारा लटकी वाटते, कारण तिची पृथ्वी फार बरोबर आहे, भूगोलाच्या पुस्तकातून उतरवल्यासारखी. तिची पृथ्वी चुकू दे.

तुला हे येत नाही असं नाही. पत्राच्या मागच्या बाजूला एक ओळ खोडलीयस. उजेडात धरली की वाचता येते. ‘अव्वा चेरुवु म्हणायची तेव्हा मला कंबर तलावच दिसायचा, कडेच्या भेळेच्या गाडीसकट.’ का खोडलीस? अख्ख्या पत्रात ते एक वाक्य असं आहे की त्यातली मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तेलंगणातल्या गावतळ्याला तू सोलापूरचा तलाव जोडलास आणि वर भेळ. आता हेच तारासाठी कर.

तिनं वाहतं पाणी फक्त नळीत पाहिलंय. वर मोकळं पाणी वाहत नाही, गोळा होऊन तरंगतं. हाताला लागलं तर हातमोज्यासारखं चिकटून बसतं. म्हणजे तिच्या आजीनं ‘भीमा’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे एक लांबच लांब काचेची नळी येणार, आणि ‘भीमेला पूर आला’ म्हटलं की ती नळी फुटणार. मग ती घाबरून विचारणार, ‘सांडलेलं पाणी परत गोळा कुणी केलं?’ कारण तिथं घाम, लघवी, उच्छ्वासातली वाफ, सगळं गाळून पुन्हा पिण्याचं पाणी करतात. २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत त्यांची मजल गेली. पाण्याच्या बाबतीत तारा अस्सल सोलापूरची निघेल बघ. आपल्याकडे नळाला पाणी यायचा दिवस असतो. त्या दिवशी बाई घर सोडत नाही, मग सख्ख्या भाचीचा साखरपुडा असो. पिंप, हंडे, कळशा, शेवटी भांड्यांच्या कपाटातली पातेलीसुद्धा. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं पाणी संडासाला. ही काटकसर तुला कुठे वाचायला जायला नको.

आणि ‘पडणं’. आपल्या मराठीत सगळं पडतंच. पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, अंधार पडतो, स्वप्न पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो, भाव पडतात. तारा जन्मल्यापासून पडतेय, पण तिनं काही पडलेलं पाहिलेलं नाही. तिथं हातातून सुटलेला पेन तिथंच राहतो. मग आजी ‘पाऊस पडला’ म्हणते तेव्हा ही काय समजत असेल? पाऊस तिथंच थांबला असं? या एका क्रियापदावर तुझं एक पान सहज होईल, आणि ते पान मराठीतच होईल. जाता जाता, तिसऱ्या पानावर ताराच्या गालांवरून अश्रू ओघळतात ते थांबव. तिथं अश्रू ओघळत नाहीत, डोळ्यावरच पाण्याचा गोळा होऊन बसतात. पुसावे लागतात.

खाण्याचं तू मन लावून लिहिलंयस, पण तिथं घोटाळा आहे. आजीनं वर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवली, तारानं भाकरी मोडून चटणीला लावून खाल्ली. अगं, आपली कडक भाकरी मोडली की अर्धी भाकरी मांडीवर, आणि चटणी तर नुसती भुकटी. वर तो चुरा खाली सांडत नाही. हवेत फिरतो, डोळ्यात जातो, यंत्रात जातो. म्हणून १९८५ पासून तिथं पावाऐवजी मेक्सिकोच्या मऊ पोळ्या नेतात, टॉर्टिया म्हणतात त्यांना. मीठसुद्धा पाण्यात विरघळवलेलं आणि मिरपूड तेलात कालवलेली. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये स्थानकावर गेले ते गाजराचा हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन. तिन्ही चमच्याला धरून राहणारे पदार्थ.

पण भाकरी काढू नकोस. ती वर नेता येत नाही, म्हणूनच ठेव. तारानं कडक भाकरी कधी मोडलेली नाही. आजी फोनवर तिला मोडून दाखवते. तो कट्‌कन आवाज ताराला पुन्हा ऐकायचा असतो. ‘आजी, अजून एक.’ आजी दुसरी मोडते. तिसरी मोडते. मग एवढा चुरा खाणार कोण म्हणून दुधात घालून आजोबांना देते. बघ, खिडकीशी न जाता काम झालं.

तुझं एक मात्र मला नवल वाटलं. मागाच्या खटखटाटात वाढलेली पोरगी तू आणि कथेत चादर नाही! वर माणसं भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपतात. पांघरूण अंगावर राहतच नाही. समज, आजीची एक सोलापुरी चादर ताराकडे आहे. आईनं सामानात भांडून नेलेली. तारा ती अंगावर घेते, चादर उठून निघून जाते, सकाळी हवेच्या जाळीला चिकटलेली सापडते. आजी विचारते, ‘चादर घेतेस ना गं? अंगावर कशी जड पडते, लगेच डोळा लागतो.’ ताराला वस्तुमान माहीत आहे, वजनाचं सूत्र पाठ आहे, गणितं चुकत नाहीत. अंगावर जड पडणं म्हणजे काय, ते तिला माहीत नाही. अशा मुलीला पृथ्वीची ओढ लागली तर ती या चादरीपासून लागेल असं मला वाटतं. डोंगर-समुद्र नंतर बघू.

आता एक गोष्ट तुला ठरवायलाच हवी आणि तू ती चारही पानं टाळलीयस. ताराचं स्थानक नुसतं तरंगणारं आहे की स्वतःभोवती फिरणारं?

फिरणारं असेल तर फिरण्यामुळे आतल्या माणसांना बाहेरच्या भिंतीकडे दाबल्यासारखं होतं आणि वजन आल्यासारखं वाटतं. केंद्रापासून २२४ मीटरवर राहायचं आणि मिनिटाला दोन फेऱ्या, म्हणजे थेट पृथ्वीइतकं वजन. सूत्र तुला येतं, करून बघ. गंमत अशी, की तिथं फेकलेला चेंडू फेकणाऱ्याला वळताना दिसतो. ताराचा हात जन्मापासून त्या वळणाला सरावलेला. खाली आली, गल्लीतल्या पोरांनी क्रिकेटला घेतलं, तर तिचा प्रत्येक थ्रो यष्ट्यांपासून हातभर लांबून. पोरं ‘काय बे’ म्हणून ओरडणार, आणि हिला कळणारच नाही की आपलं कुठे चुकतंय.

तरंगणारं असेल तर प्रकरण कठीण आहे. वर राहिलेल्या मोठ्या माणसांच्या भार पेलणाऱ्या हाडांमधला महिन्याला एक ते दीड टक्का भाग झिजतो. रोज जवळपास दोन तास व्यायाम करतात ते त्यासाठी. परत आल्यावर त्यांना यानातून उचलून खुर्चीत बसवतात. एका दमात सर्वांत जास्त राहण्याचा विक्रम वालेरी पोल्याकोव्ह यांचा, १९९४-९५ मध्ये ४३७ दिवस. तुझी तारा सोळा वर्षं राहिलीय. आणि तिथंच जन्मलेल्या शरीराचं काय होईल, हे माणसाच्या बाबतीत कुणी पाहिलेलं नाही, कारण माणसाचं एकही मूल अजून अंतराळात जन्मलेलं नाही. २ नोव्हेंबर २००० पासून, म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीपासून, ते स्थानक एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. पण जे गेले ते सगळे इथून चालायला शिकून गेले.

जेलीफिशचं मात्र पाहिलंय. १९९१ च्या जूनमध्ये कोलंबिया यानातून जवळपास अडीच हजार छोटे जेलीफिश वर नेले. नऊ दिवसांत त्यांचे साठ हजार झाले. ही पोरं परत आणली, पृथ्वीवरच्या पाण्यात ठेवली, तर त्यांतल्या बऱ्याच जणांना धड पोहता येईना, गरगरल्यासारखं करायची. वर-खाली ओळखायला जेलीफिशच्या अंगात बारीक खडे असतात, आपल्या कानात असतात तसेच. वर जन्मलेल्यांना ‘खाली’ म्हणजे काय, हे शरीरानं कधी शिकवलेलंच नव्हतं. मी वर्गात हे सांगायची तेव्हा पोरी हसायच्या. आता नात आहे, आता मला तितकं हसू येत नाही.

मग बघ, तुझ्या कथेत ताराला तिचे आईबाबा का अडवतात? ‘तिकीट महाग आहे’ म्हणून. तिकिटाचं काय घेऊन बसलीस! तिला जिथं जायचंय तिथं तिला उभं राहता येईल की नाही, हे तिच्या आईला माहीत नाही. आई स्वतः सोलापुरात चालायला शिकली आणि पोरीला असल्या ठिकाणी जन्म दिला. तिनं आजीशी बोलताना फोन हळू आवाजात का घेतला, हे ताराला एक दिवस कळतं. तुझी कथा तिथं सुरू होते.

फिरणारं घेतलंस तर चादर, चुरा, अश्रू, सगळं वरचं रद्द. तरंगणारं घेतलंस तर थ्रो रद्द. दोन्ही ठेवलंस तर अंक वाचणारं फिजिक्सचं एखादं पोर तुला सोडणार नाही. त्या थ्रोचा मोह मला फार होतोय, पण चादरीसाठी मी तरंगणारंच घेईन.

आता अव्वा.

तिच्या गावाची तुला आठवण येते, ती खोटी नाही. तुला आठवतंय ते गाव नसेलही. विड्या वळताना सूप मांडीवर घेऊन ती जे बोलत असेल, तो आवाज आठवत असेल. गाव त्या आवाजात होतं. माणूस गेलं की आवाज ऐकू येत नाही, गाव तेवढं उरतं, म्हणून आठवण गावाची येते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रडू आलं तर रड. तुझे अश्रू ओघळतील.

जायचं का? जा.

आणि गाव बदललेलं असेल हे धरूनच जा. सर्गेई क्रिकालेव्ह नावाचे सोव्हिएत अंतराळवीर १९९१ च्या मे महिन्यात मीर स्थानकावर गेले. ते वर असताना त्यांचं गाव लेनिनग्राड पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं आणि डिसेंबरात त्यांचा अख्खा देशच संपला. ३११ दिवसांनी, १९९२ च्या मार्चमध्ये ते उतरले ते कझाकस्तान नावाच्या स्वतंत्र देशात. तुझी अव्वा ‘करीमनगर जिल्हा’ म्हणायची असं तू एका ठिकाणी लिहिलंयस. ती निघाली तेव्हा ते आंध्र प्रदेशात होतं. २०१४ पासून तेलंगण झालं. २०१६ मध्ये जिल्ह्याचेही तुकडे झाले. आता बाबांना गाव शोधताना कदाचित ‘राजन्ना सिरिसिल्ला’ असं टाकावं लागेल. तिकडेही मागच आहेत, तो आवाज तुला ओळखीचा वाटेल. तुझं तेलुगू मात्र तिथल्या पोरींना हसवेल. सोलापूरचं तेलुगू मराठी-कानडी खाऊन वाढलंय. हसू दे. जेलीफिश आठव आणि तूही हस.

‘काहीच नसलं तर?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, माझ्या नातीकडे आहे.

गेल्या जानेवारीत ते सगळे आले, गड्ड्याच्या जत्रेच्या बेतानं. जत्रा झाली आणि तिला आम्ही हुरड्याला नेलं. मंगळवेढ्याच्या बाजूला, ओळखीच्यांच्या शेतात. वाटेत ती गाडीत गप्प, खिडकीतून फाटक शोधत होती. फाटक नव्हतंच. बांधावरून उतरलो, ज्वारीत शिरलो. आगटीत गोवऱ्यांची धग, कोवळी कणसं भाजायला लावलेली. धूर नेमका तिच्याकडे. डोळे चोळले, आणखी झोंबले. कुणीतरी गरम कणीस हातावर चोळून दाणे तिच्या तळव्यावर ठेवले, चटका बसला, तिनं टाकून दिले. कुसळ मानेत गेलं. चटणीनं तोंड पोळलं. दही-गूळ खाल्ला तेवढा. आजोबा तिच्या मामावर गाडी कुठे लावली म्हणून ओरडले, म्हणजे तेही गेलं. मी मनात म्हटलं, संपलं. सहा वर्षांचं गाव एका दुपारात मोडलं पोरीचं.

परत येताना अंधार पडला. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. केसांना धुराचा वास. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, ‘आजी, मग हुरड्याला कधी जायचं?’

म्हटलं, ‘आत्ता जाऊन आलो की गं.’

‘हा नाही. तो.’

परवाच फोनवर विचारत होती, पुढच्या वेळी दोन्हीकडे जाता येईल का.

म्हणून भिऊ नकोस. बाबांबरोबर गेलीस म्हणून अव्वाचा चेरुवु कुठे जात नाही, भेळेची गाडीही जात नाही. आणखी एक गाव मिळेल, तेवढंच. फक्त एक कर. कथा जाण्याआधी लिहून पूर्ण कर. गेल्यावर तुला खरं काय ते कळेल आणि मग ताराच्या चुका दुरुस्त करायचा हात शिवशिवेल. त्या तिच्या चुका आहेत. तशाच राहू देत.

किरकोळ गोष्टी राहिल्या. ‘तारा’ हे नाव बदल. अंतराळात जन्मलेल्या मुलीचं नाव तारा ठेवणारे आईबाप मला तरी भेटलेले नाहीत. त्यांनी जिद्दीनं इंदू-सुमन असलं काहीतरी आजीचं नाव ठेवलं असतं. आईचं म्हणणं खोटं नाही. सकाळ सीईटीला दे, रात्रीचा एक तास कथेला, आणि तो तास आईला सांगून घे, चोरून नको. एकदा संध्याकाळी गच्चीवर जाऊन स्थानक जाताना बघ. ते कधी दिसणार याच्या वेळा मिळतात. सूर्य मावळल्यावर किंवा उजाडायच्या आधी, चांदणीपेक्षा ठसठशीत, न लुकलुकता सरळ सरकत जातं, चार-सहा मिनिटांत दिसेनासं होतं. त्या वेळी खाली कपडे वाळत असतील, कुणाकडे कुकरच्या शिट्ट्या होत असतील, शेजारचा माग चालू असेल. वर नको बघूस फार वेळ. तारानं काय काय ऐकलं असतं ते लिहून घे.

अंक निघाला की एक प्रत माझ्याकडे. आणि गावाला पोचलात की चेरुवुत पाणी आहे का तेवढं कळव. मेमध्ये बहुधा आटलेला असेल, तरी कळव.